कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘डायव्हर्टिक्युला’ लिहून आलं, तर

कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, केलेली असते मूळव्याधीच्या संशयावरून, नाहीतर जुन्या बद्धकोष्ठतेसाठी. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ येते: सिग्मॉइडमध्ये मल्टिपल डायव्हर्टिक्युला. म्हणजे मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड या भागात बऱ्याच छोट्या पिशव्या. लगेच घरात पेरू बंद होतो, टोमॅटोच्या बिया काढल्या जातात, पोट जरा दुखलं की उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या शोधल्या जातात. दुसरीकडे, ज्यांच्या आतड्याला खरोखर सूज आलेली असते ते दोन-दोन दिवस ‘गॅस धरलाय’ म्हणत ओवा आणि सोड्यावर काढतात. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. आतड्याला पिशव्या असणं, त्या पिशव्यांना सूज येणं आणि त्यांतून रक्त जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींचे उपचार वेगळे, आणि पहिलीला बहुतेक वेळा उपचार लागतच नाहीत. पहिलीला डायव्हर्टिक्युलोसिस म्हणतात, दुसरीला डायव्हर्टिक्युलायटिस. नावं सारखी वाटली तरी रिपोर्टवर नेमकं कोणतं लिहिलंय ते आधी नीट वाचा.

पिशव्या होतात कशा

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. आतून नाजूक अस्तर, त्यावर स्नायूंचा गोलाकार थर आणि बाहेरून उभ्या स्नायूंचे तीन पट्टे. अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बाहेरून हा स्नायूंचा थर भेदून आत शिरतात. जिथे धमनी शिरते तिथे स्नायू थोडा कमजोर राहतो. आतला दाब वाढला की टायरच्या चिरेतून ट्यूब फुगून बाहेर यावी तसं अस्तर त्या जागेतून बाहेर ढकललं जातं. हीच ती पिशवी. आकार बहुधा ५ ते १० मिलिमीटर.

पुढचं सगळं समजायला या पिशवीबद्दलच्या दोन गोष्टी पुरतात. तिच्या भिंतीत स्नायू नसतो, म्हणून भिंत फार पातळ असते. आणि जिच्या वाटेने ती बाहेर आली ती धमनी तिच्या मानेवरून, घुमटावरून ताणलेली असते. पातळ भिंतीला इजा झाली की सूज येते, क्वचित भोक पडतं. धमनीची भिंत झिजली की रक्तस्राव होतो.

सिग्मॉइड हा पोटाच्या डाव्या बाजूला खाली येणारा मोठ्या आतड्याचा सर्वात अरुंद भाग. नळी अरुंद असेल तर तेवढ्याच आकुंचनाने आत जास्त दाब तयार होतो. त्यामुळे युरोप-अमेरिकेत या पिशव्या जवळजवळ नेहमी डावीकडे सापडतात. जपान, कोरिया, चीनमध्ये मात्र उजव्या बाजूच्या पिशव्या जास्त. आपल्याकडे दोन्ही दिसतात, आणि उजव्या बाजूच्या पिशवीला सूज आली तर ती हुबेहूब अपेंडिक्ससारखी दुखते. सीटी स्कॅनमध्ये हा फरक कळला तर अनेकदा ऑपरेशन टळतं, कारण उजवीकडची साधी सूज सहसा औषधांनी आणि आरामाने बसते.

वय हे सर्वात मोठं कारण. पाश्चात्त्य देशांत साठीच्या पुढच्या जवळपास निम्म्या लोकांना पिशव्या असतात. भारतात प्रमाण कमी आहे. अनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांत तो ४० ते ५० टक्क्यांच्या घरात निघाला. पोटावरची चरबी, धूम्रपान, लाल मांस आणि बैठं काम यांनी सुजेचा धोका वाढतो.

चोथ्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. १९७१ मध्ये नील पेंटर आणि डेनिस बर्किट या ब्रिटिश सर्जननी मांडलं की चोथा नसलेल्या आहारामुळे मळ घट्ट होतो, आतड्याला जोर लावावा लागतो आणि पिशव्या होतात. अनेक वर्षं हेच शिकवलं गेलं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनोस्कोपी झालेल्या लोकांच्या अभ्यासात चोथा जास्त खाणाऱ्यांमध्ये पिशव्या कमी असल्याचं दिसलं नाही. पण चोथा जास्त खाणाऱ्यांना सूज येऊन दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे मोठ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. म्हणून अपेक्षा नेमकी ठेवा. झालेल्या पिशव्या भाकरी खाऊन, चूर्ण घेऊन किंवा कोणत्याही औषधाने नाहीशा होत नाहीत. त्यांना सूज येण्याची शक्यता मात्र कमी करता येते.

ती शक्यता मुळातच किती? जुन्या पुस्तकांत १० ते २५ टक्के लिहिलेलं असे. तेव्हा ज्यांना त्रास होई तेच तपासले जात. कोलोनोस्कोपी सर्रास होऊ लागल्यावर कसलाच त्रास नसलेल्या लोकांचीही मोजदाद झाली आणि आकडा ५ टक्क्यांच्या आत आला. रिपोर्टवर फक्त पिशव्या असतील, दुखत नसेल, रक्त जात नसेल, तर गोळी नको, दरवर्षी स्कॅन नको, ऑपरेशन तर नकोच.

बियांची भीती

बी पिशवीत अडकते आणि सूज येते, ही समजूत डॉक्टरांमध्येही दीर्घकाळ होती. अमेरिकेत आरोग्यक्षेत्रातल्या ४७,००० हून अधिक पुरुषांचा १८ वर्षं पाठपुरावा करून २००८ मध्ये निष्कर्ष आले. कठीण कवचाची फळं, मका, पॉपकॉर्न यांनी सूज किंवा रक्तस्राव वाढला नव्हता. उलट कठीण कवचाची फळं आणि पॉपकॉर्न जास्त खाणाऱ्यांना सूज कमी आली होती. शेंगदाणे, तीळ, पेरू, अंजीर, टोमॅटो, वांगी बंद करायला आधार नाही. या पथ्याने नुकसानच होतं, कारण चोथा देणारे नेमके हेच पदार्थ ताटातून जातात आणि मऊ भात व बिस्किटं उरतात.

सूज आली हे ओळखायचं कसं

गॅसची कळ फिरते, वायू सरला की उतरते. सुजेचं दुखणं एका जागी मुक्काम करतं, बहुधा पोटाच्या डाव्या खालच्या भागात. बोट ठेवून जागा दाखवता येते, ते तासागणिक वाढतं आणि दिवसभर टिकतं. खोकलं, शिंकलं, किंवा गाडी खड्ड्यातून गेली की तिथेच ठणका बसतो. सोबत ताप, मळमळ, भूक मरणं, बद्धकोष्ठता किंवा जुलाब. सिग्मॉइड मूत्राशयाला टेकलेलं असल्याने वारंवार लघवीला लागू शकतं, आणि मग लघवीचा जंतुसंसर्ग समजून भलतेच उपचार सुरू होतात. वृद्ध माणसं, मधुमेही आणि स्टेरॉइड घेणारे यांच्यात ताप आणि दुखणं दोन्ही फसवं कमी असू शकतं. त्यांच्या बाबतीत थोड्या लक्षणांवरही तपासणी करून घ्यावी.

पोट दाबून निदान करणं पुरेसं नाही. त्यात चूक होण्याचं प्रमाण मोठं आहे. रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं प्रथिन) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), लघवीची तपासणी, आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांमध्ये गर्भधारणेची चाचणी. सीआरपीचा आकडा वाचताना एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. लिटरमधला १४० म्हणजे डेसिलिटरमधला १४. लिटरच्या हिशेबात १४० च्या वर गेलं, किंवा पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर असतील, तर साध्या सुजेपलीकडे काही आहे का हे स्कॅन करून पाहावंच लागतं.

आपल्याकडे आधी सोनोग्राफी होते. अनुभवी हातात ती उपयोगी आहे, पण स्थूल माणसात किंवा आतड्यात वायू भरलेला असताना बरंच काही झाकलं जातं. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आणि दुखणं मात्र एका जागी ठाम, अशी स्थिती असेल तर तिच्यावर विसंबू नका. पोट आणि कटिपोकळीचा, शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) देऊन केलेला सीटी स्कॅन ही खरी निर्णायक तपासणी. आतड्याची भिंत जाड झालेली, भोवतालच्या चरबीत सूज (रिपोर्टमध्ये याला ‘फॅट स्ट्रँडिंग’ म्हणतात) आणि त्याच भागात पिशव्या, एवढंच असेल तर ती साधी सूज. गळू, आतड्याबाहेरची हवा, मूत्राशयाकडे किंवा योनीमार्गाकडे गेलेली वाट, किंवा आतडं अरुंद होऊन अडलेलं असेल तर ती गुंतागुंतीची. त्यासाठी १९७८ पासून हिंची वर्गीकरण वापरतात: पहिल्या पायरीत गळू आतड्याला चिकटून, दुसरीत कटिपोकळीत, तिसरीत पोटभर पू, चौथीत पोटभर मळ. रिपोर्टवर हिंचीची पायरी लिहिलेली असेल तर पुढचा मार्ग बराचसा त्यावर ठरतो. स्कॅनआधी किडनीचा आजार, पूर्वी कॉन्ट्रास्टची आलेली ॲलर्जी आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन चालू असल्यास तेही सांगा.

सूज असताना कोलोनोस्कोपी करत नाहीत. आत हवा भरावी लागते आणि सुजलेली पातळ पिशवी फुटू शकते. ती करायची सहा ते आठ आठवड्यांनी, गेल्या वर्षभरात चांगली झालेली नसेल तर. ही तपासणी पुष्कळजण टाळतात, कारण तोवर बरं वाटत असतं. पण मोठ्या आतड्याचा कर्करोग स्कॅनमध्ये सुजेसारखा दिसू शकतो. गळू झालेलं असेल तर ही शंका फिटल्याशिवाय प्रकरण बंद करायचं नाही.

साध्या सुजेचा उपचार

इथे गेल्या काही वर्षांत बरंच बदललं आहे. साधी सूज म्हणजे अँटिबायोटिक, हा नियम होता. २०१२ मध्ये स्वीडन-आइसलंडमधल्या ६०० हून अधिक रुग्णांच्या आणि २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या ५०० हून अधिक रुग्णांच्या चाचण्यांत, अँटिबायोटिक न दिलेले रुग्णही तितकेच बरे झाले. म्हणून सीटीने साधी सूज ठरलेल्या, एरवी धडधाकट असलेल्या माणसाला ती न देता लक्ष ठेवता येतं. प्रतिकारशक्ती कमी असलेले, केमोथेरपी किंवा अवयवरोपणाची औषधं चालू असलेले, गरोदर स्त्रिया, उलट्या होणारे, सीआरपी फार वाढलेले आणि अशक्त वृद्ध यांना मात्र द्यावीच लागतात. देताना सहसा ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसोबत मेट्रोनिडॅझोल, चार ते सात दिवस. मेट्रोनिडॅझोलवर दारू घेऊ नये. क्षयाची शंका असेल तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातली औषधं जपून वापरावीत, कारण ती क्षय काही काळ झाकतात. लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथला क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही.

घरी राहायचं असेल तर तोंडाने पाणी राहत असलं पाहिजे आणि सोबत कुणीतरी हवं. पहिले दोन-तीन दिवस पातळ आहार: तांदळाची पेज, वरणाचं पाणी, पातळ ताक, नारळपाणी. दुखणं उतरू लागलं की मऊ भात-वरण, दहीभात, उकडलेला बटाटा, दुधी. चोथा आत्ता वाढवायचा नाही. तो दुखणं पूर्ण गेल्यावर. दोन-तीन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासायला हवं. तोवर उतार पडला नसेल तर पुढची तपासणी किंवा दाखल होणं.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल, लिव्हरचा आजार नसेल तर ६५० मिलिग्रॅम सहा तासांच्या अंतराने. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक घेऊ नका. या औषधांनी पिशवी फुटण्याचा आणि रक्त जाण्याचा धोका वाढतो. मेडिकलच्या दुकानात ‘पोटदुखीची गोळी’ म्हणून सहज मिळते ती बहुधा डायसायक्लोमिन आणि मेफेनॅमिक ॲसिडची जोडी असते. मेफेनॅमिक ॲसिड त्याच गटातलं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ट्रॅमाडॉलने आतडं मंदावतं आणि दाब वाढतो. एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या आणि एनिमा या दिवसांत अजिबात नकोत.

ताप १०१ फॅरेनहाइटच्या वर टिकून आहे, उलट्या थांबत नाहीत, दुखणं एका जागेवरून पोटभर पसरलं, पोट फळीसारखं कडक झालं, किंवा अंग थंड पडून चक्कर येतेय, यांतलं काहीही असेल तर वाट न पाहता जिथे सर्जन आणि सीटी दोन्ही आहेत अशा रुग्णालयात जा. रस्त्यात दोन छोटे दवाखाने करत बसल्याने मोलाचे तास जातात.

गळू, फिस्च्युला (आतड्यातून दुसऱ्या अवयवात पडलेली वाट) आणि फुटलेली पिशवी

तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गळू शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकने बसू शकतं. त्याहून मोठं असेल तर सोनोग्राफी किंवा सीटीखाली कातडीतून नळी घालून पू काढतात, आणि कोणते जंतू आहेत हे पाहायला तो पू कल्चरला पाठवतात.

लघवीतून हवा जाणं, लघवीत मळाचे कण येणं, लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणं याचा अर्थ आतडं आणि मूत्राशय यांच्यात वाट पडली असू शकते. पुरुषांत आणि गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत हे जास्त दिसतं, कारण मध्ये गर्भाशयाचा आडोसा नसतो. लाज वाटून लोक ‘हवा जाते’ हे सांगत नाहीत; ते मुद्दाम सांगा, निदान तिथेच अर्धं होतं. ही वाट आपोआप सहसा बुजत नाही, ऑपरेशन लागतं.

पोटभर पू किंवा मळ पसरला असेल तर तातडीचं ऑपरेशन. आजारी भाग काढून दोन टोकं लगेच जोडता येतील का, हे रक्तदाब, संसर्ग आणि रुग्णाची ताकद यांवर ठरतं. जोडणं धोक्याचं असेल तर हार्टमन पद्धतीने खालचं टोक बंद करून वरचं टोक पोटावर आणतात आणि शौच पोटाला बाहेरून लावलेल्या पिशवीत होते. ते टोक बहुधा काही महिन्यांनी परत आत जोडता येतं, पण सर्वांचं जोडता येत नाही, हे ऑपरेशनआधीच्या बोलण्यात स्पष्ट यायला हवं.

रक्त जाणं

या आजाराचा रक्तस्राव वेगळाच असतो. पोट दुखत नाही. अचानक शौचाची घाई होते आणि भांड्यात लालभडक किंवा काळपट लाल रक्त, गुठळ्यांसह, भरपूर. आपल्याकडे खालून रक्त म्हटलं की मूळव्याध हे ठरलेलं असतं, आणि मग मलमं, चूर्णं, जाहिरातीतले ‘बिनटाक्याचे’ उपचार. मूळव्याधीचं रक्त बहुधा शौचाच्या शेवटी ठिबकतं, कागदावर किंवा मळावर दिसतं. कपभर रक्त आणि गुठळ्या हे मूळव्याधीवर ढकलू नका. आणि पन्नाशीच्या पुढे नव्याने रक्त दिसलं, थोडं का होईना, तर कोलोनोस्कोपीशिवाय कारण गृहीत धरू नका.

साधारण चारपैकी तीन वेळा हा रक्तस्राव आपोआप थांबतो, तरी दाखल व्हावं लागतं. पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन खाली आलेलं दिसत नाही, म्हणून तो आकडा चांगला आहे यावर निर्धास्त होता येत नाही. नाडी आणि रक्तदाब जास्त खरं सांगतात. आधी सलाइन, लागल्यास रक्त, मग पोट साफ करून कोलोनोस्कोपी. रक्त वाहणारी पिशवी सापडली तर तिथे क्लिप किंवा रबरबँड लावतात. रक्त जोरात वाहत असेल तर सीटी अँजिओग्राफीने (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) जागा शोधून ती धमनी आतून बंद करता येते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत एक सूचना काटेकोर पाळा. हृदयात स्टेंट असेल तर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल स्वतः बंद करू नका. तो निर्णय हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. हृदयविकार कधीच झालेला नसताना ‘काळजी म्हणून’ ॲस्पिरिन चालू असेल तर ते बहुधा थांबवतात. गुडघेदुखीवरच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र यापुढे बंद.

बरं वाटल्यानंतरचा आहार

रोज २५ ते ३० ग्रॅम चोथा हे लक्ष्य. ते आपल्या ताटात सहज बसतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ३ पेक्षा कमी, साबुदाण्यात जवळजवळ नाहीच. दोन मध्यम भाकरी (१० ग्रॅम), मूठभर म्हणजे ३० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यांची उसळ (७ ग्रॅम), १०० ग्रॅमचा पेरू (८ ग्रॅम) आणि दोन वेळची भाजी, एवढ्यात ३० पार. उपवासाच्या दिवसांत साबुदाण्याऐवजी राजगिरा, रताळं, फळं घेतली तर आतडं अडत नाही.

चोथा चार ते सहा आठवड्यांत हळूहळू वाढवा. एकदम वाढवला की पोट फुगतं आणि माणूस ‘मला सोसत नाही’ म्हणून सोडून देतो. इसबगोल घ्यायचा तर एक चमचा, भरलेल्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतला तर तो घशात किंवा आतड्यातच फुगून अडतो. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. पाण्यावर निर्बंध असलेल्या हृदय-किडनीच्या रुग्णांनी आधी विचारावं.

चालणं, पोटाचा घेर कमी करणं आणि तंबाखूचा धूर सोडणं याला तोड नाही. पुन्हा सूज येऊ नये म्हणून मेसालामिन (आतड्याची सूज कमी करणारं औषध), प्रोबायोटिक किंवा दर महिन्याला रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक लिहून देतात. पहिल्याचा उपयोग होत नाही हे चाचण्यांत दिसलं आहे, उरलेल्या दोन्हींच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही.

नियोजित ऑपरेशन कधी

सुजेचे दोन झटके आले की आतड्याचा तो भाग काढायचा, हा जुना नियम आता पाळत नाहीत. आतडं फुटण्याचा धोका पहिल्याच झटक्यात सर्वात जास्त असतो. झटके मोजून तो ठरत नाही. किती वेळा अंथरूण धरावं लागतं, कामाचं किती नुकसान होतं, गळू होऊन गेलं का, प्रतिकारशक्ती कशी आहे, यावर निर्णय होतो. ऑपरेशन सूज उतरून काही आठवडे गेल्यावर करतात. सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: जोड गुदाशयाच्या वरच्या भागाशी करणार का? सिग्मॉइडचा खालचा तुकडा मागे राहिला तर सूज परतण्याची शक्यता वाढते. वरच्या आतड्यातली प्रत्येक पिशवी काढायची मात्र गरज नसते.

सूज उतरूनही महिनोन् महिने डाव्या कुशीत दुखत राहणं हे बरंच आढळतं. आधी स्कॅन आणि कोलोनोस्कोपीने गळू, अरुंद झालेलं आतडं आणि कर्करोग नाही हे पाहून घ्यायचं. सगळं स्वच्छ असेल तर सुजेनंतर आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील राहिलेल्या असतात. तिथे अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स निरुपयोगी; ॲमिट्रिप्टिलिनच्या गटातली औषधं थोड्या मात्रेत, रात्री, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली तर फरक पडतो. ती नैराश्यावरची म्हणून ओळखली जातात, त्यामुळे मेडिकलमधून घरी आल्यावर घरचे बिचकतात आणि गोळ्या तशाच पडून राहतात. इथे ती नसांची संवेदना कमी करण्यासाठी दिलेली असतात, आणि परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात.